काळी चारची फजिती

दिल्लीतल्या एका गणेशोत्सवात भावगीतांचा कार्यक्रम होता आणि गिटारची साथ माझ्याकडे होती. तालमी सगळ्या पांढरी एक पट्टीत झालेल्या. आयत्या वेळी गायिकेचा घसा बसला, दुसऱ्या एक ताई उभ्या राहिल्या आणि पेटीवाल्या काकांना हळूच म्हणाल्या, ‘‘काळी चार.’’ काकांनी मान डोलावली, तबलजींनी दुसरा तबला पुढे ओढला. माझी बोटं मात्र जागच्या जागी थिजली. दहा वर्षं गिटार वाजवणारा मी, उरलेला कार्यक्रम टाळ्या वाजवत बसलो!

आपल्याकडच्या बऱ्याच गिटारवाल्यांची गत अशीच असते. कॉलेजात कुणीतरी चार कॉर्ड दाखवतो, बोटांचे आकार पाठ होतात, मित्र खूश होतात. त्या आकारात स्वर कोणते, हे कोण विचारतो? मी शास्त्राचं पुस्तकही आणलं होतं. पण पाच रेघांवर टांगलेली ती काळी अंडी पाहून माळ्यावर टाकलं. (चाणक्यपुरीच्या दिल्ली स्कूल ऑफ म्युझिकमध्ये मुलं तीच अंडी वर्तमानपत्रासारखी वाचतात, ते वेगळं.)

सुटका झाली ती मयूर विहारमध्ये शेजारी राहणाऱ्या काकूंमुळे. त्या संगीत विशारद, पण गिटार कधी हातात धरलेली नाही. म्हणाल्या, ‘‘अरे, सारेगम येतं ना? मग एकाच तारेवर वाजव.’’

मोकळी तार म्हणजे सा. एकेक पडदा म्हणजे अर्धा स्वर, आणि बाराव्या पडद्यावर वरचा सा. मधले स्वर मोजले : रे २, ग ४, म ५, प ७, ध ९, नी ११. हा आपला बिलावल थाट, आणि हेच त्यांचं मेजर स्केल! काकूंनी ग आणि नी एकेक पडदा मागे घ्यायला लावले, काफी झाला. मूळ बिलावलात नुसता म एक पडदा पुढे सरकवला, कल्याण. इंग्रजी पुस्तकात यांनाच डोरियन, लिडियन अशी भारदस्त नावं आहेत. दहा थाटांची ही मांडणी मुंबईच्या पं. भातखंडे यांची, त्यांच्याच पुढाकाराने १९१८ साली संगीत परिषद दिल्लीत भरली होती. इतकं घरचं शास्त्र सोडून मी अंड्यांना भीत होतो.

पुढे कॉर्डही उलगडले. सा, ग, प एकदम छेडले की मेजर. ग कोमल केला की मायनर, आणि तेच गाणं रडवेलं होतं. सोप्या गाण्यांना सा, म आणि प या तीन स्वरांवरचे कॉर्ड बहुधा पुरतात. आता काळी चार सा धरा : म येतो काळी एकवर, प काळी दोनवर. किंवा कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेला बसणारा चिमटा, चौथ्या पडद्यावर लावा आणि नेहमीचे ‘ई’, ‘ए’, ‘बी’ वाजवा. एवढ्यासाठी मी टाळ्या वाजवल्या होत्या!

थाट कळला म्हणजे राग आला, असं मात्र नाही. भूप आणि देसकार यांचे पाचही स्वर तेच. फरक चालीत आहे, तो कॉर्डला काय कळणार? शिवाय काकूंना गिटारचा गंधार चढा लागतो. तो चढाच असतो, कारण पडदे बारा सारख्या पायऱ्यांनी ठोकलेले असतात. ‘‘पेटीचंही तेच रे,’’ म्हणून काकू तानपुरा लावतात आणि मला नुसता ग म्हणायला बसवतात. माझा अजून लागत नाही.

यंदाच्या तालमीला त्याच ताई होत्या. या वेळी मी आधीच पट्टी विचारली.

‘‘आज पांढरी पाच घेऊ या,’’ त्या म्हणाल्या.

गिटारवर याहून सोपी पट्टी नाही. मी कॅपो खिशात टाकला.