गुप्त आहे? सिद्ध करा!

"तुमचं उत्तर गुप्त राहील, बिनधास्त लिहा." ऑफिसातल्या सर्व्हेच्या डोक्यावर हे वाक्य असतंच. खाली टीमचं नाव विचारलेलं असतं, आणि टीममध्ये माणसं असतात चार! नाव लिहिलं नाही म्हणजे गुप्त राहिलं, हा आपला लाडका गैरसमज. माझं म्हणणं साधं आहे: गुप्तता ही आश्वासन द्यायची गोष्टच नाही, ती सिद्ध करायची गोष्ट आहे.

सिद्ध कशी करायची? चला खांडबाऱ्याला. नंदुरबार जिल्हा, नवापूर तालुका, सुरत-भुसावळ लाइनवरचं स्टेशन. समजा, स्टेशनबाहेर तीन दोस्त चहा प्यायले आणि पोऱ्या म्हणाला, "बिल भरलंय." तिघांपैकी एकाने गुपचूप भरलं, की मालकानेच सोडून दिलं? भरणाऱ्याचं नाव न फोडता एवढंच शोधायचंय.

डेव्हिड चॉमने १९८८ मध्ये युक्ती मांडली. शेजारच्या दोघा-दोघांनी एक नाणं उडवायचं, ते फक्त त्या दोघांनी बघायचं. म्हणजे प्रत्येकाला दोन नाणी दिसतात. ती सारखी पडली की वेगळी, हे प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं. ज्याने बिल भरलं त्याने मात्र उलटं सांगायचं. 'वेगळी' हे उत्तर विषम वेळा आलं तर बिल तिघांपैकी एकाने भरलं, सम वेळा (किंवा एकदाही नाही) आलं तर मालकाने. कोणी भरलं ते मात्र कळत नाही. झकास!

पण नाणी खोटी असली तर? समजा प्रत्येक नाणं १०० पैकी ९० वेळा छापाच पडतं, आणि बाहेरच्याला हे माहीत आहे. मग एकट्यानेच 'वेगळी' म्हटलं, की त्यानेच बिल भरल्याची शक्यता ३३ टक्क्यांवरून थेट ८० टक्क्यांवर जाते. (कागद घेऊन करून बघा, रविवारच आहे.) नियम तेच, माणसं तीच, गुप्तता गायब.

म्हणून २००५ मध्ये मोहित भार्गव आणि कातुशिया पालामिदेसी यांनी शक्यतांच्या भाषेत नेमकी व्याख्या मांडली. बिल याने भरलं काय किंवा त्याने, बाहेरच्याला जे ऐकू येतं त्याची शक्यता सारखीच राहिली पाहिजे. नाणी खरी असतील तर हे सिद्ध करता येतं.

आता हीच कसोटी मतदानाला लावा. खांडबारा ज्या नवापूर मतदारसंघात येतं तिथे, आणि देशभरातही, मतं केंद्रनिहाय मोजली जातात आणि तशीच फॉर्म २० मध्ये जाहीर होतात. बटण दाबताना कोणी बघत नाही, मान्य. पण एखाद्या पाड्याच्या केंद्रावर सगळी मतं एकालाच पडली तर? प्रत्येकाचं मत जगजाहीर! यंत्र हॅक करायची गरजच नाही. आणि विरोधात पाचच मतं पडली, तर संशय कुठल्या घरांवर जाणार हे सांगायला नको. पाड्याचा रस्ता आणि हातपंप या आकड्यांवर अडू शकतो.

मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजता यायच्या. यंत्रं आली आणि मिसळणं गेलं. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये १४ यंत्रांची मतं एकत्र मोजणारा टोटलायझर सुचवला. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात तशी शिफारस केली. केंद्र सरकारने ती मानली नाही.

केंद्रनिहाय आकड्यांमुळे घोटाळे पकडता येतात, हा आक्षेप रास्त आहे. पण केंद्रावर एकूण किती मतं पडली तो आकडा उघडा ठेवा की! कोणाला किती, तेवढंच एकत्र सांगा. टोटलायझर ही काही परिपूर्ण सिद्धता नाही. १४ केंद्रं एकमुखी निघाली तर गुपित फुटणारच. पण गर्दी जितकी मोठी, तितकी ही शक्यता कमी. लहान केंद्रांसाठी तरी तो हवाच, असं माझं ठाम मत आहे.

थोडक्यात काय, पुढच्या वेळी कोणी "गुप्त राहील" म्हणालं तर दोन प्रश्न विचारा. किती जणांत गुप्त? आणि निकाल बाहेर आल्यावरही गुप्तच ना?