चाल कुणाची?

मुंबई-ठाण्याकडे पावसाने शाळा बंद झाल्या म्हणून आमची नात चार दिवस इगतपुरीला आली. जुलै महिन्यात पावसापासून पळून इगतपुरीला येणे म्हणजे तोंडावर पाणी उडाले म्हणून विहिरीत उडी घेण्यासारखे आहे. पण आजोळ म्हटल्यावर मुले हवामानखात्याचे ऐकत नाहीत. (हवामानखात्याचे मोठेही ऐकत नाहीत, ते सोडा.)

पहिल्या दिवशी भजी झाली. दुसऱ्या दिवशी पत्ते झाले. तिसऱ्या दिवशी मी माझ्या नोकरीतल्या आठवणी सांगायला घसा खाकरला आणि नातीने घाईघाईने टीव्ही लावला.

टीव्हीवर ‘सिंग’ नावाचा कार्टूनचा सिनेमा होता. २०१६ सालचा. त्यात एका कोआलाचे नाटकगृह कर्जात बुडते आणि ते वाचवायला तो गाण्याची स्पर्धा भरवतो. नाटकगृह चालवून कर्जात बुडणारा प्राणी दिसल्यावर मराठी माणसाला जवळीक वाटणारच. मी खुर्ची पुढे ओढली. थोड्या वेळाने एक तरणाबांड गोरिला पियानोवर बसून गाऊ लागला आणि माझे कान टवकारले. हे गाणे माझ्या ओळखीचे होते! १९८३-८४ साली नाशिकला आम्ही चार जण एका खोलीत राहत होतो. त्यातल्या एकाकडे टेपरेकॉर्डर होता आणि त्याच्याकडे हे गाणे होते. इंग्रजी आम्हाला कळत नसे, पण ठेका कळायचा.

“हे गाणं त्या गोरिलाचं नाही हं,” मी म्हणालो.

“मग कुणाचं?”

“एल्टन जॉनचं.”

नातीने टीव्हीकडे नीट पाहिले आणि विचारले, “तो कुठला प्राणी आहे?”

आता बोला! मी समजावले की तो माणूस आहे, इंग्लंडातला मोठा गवई. तिला ते फारसे पटले नाही. सिनेमा संपल्यावर तिने मोबाइलवर त्याच गाण्यांची अख्खी तबकडी लावली. हल्ली तबकडी नसते, पण मला दुसरा शब्द सुचत नाही. गोरिलाच्या गाण्याखाली नाव होते टॅरन एगर्टन या नटाचे. हत्तिणीच्या गाण्याखाली टोरी केली. ते गाणे स्टीव्ही वंडरने १९७३ साली केलेले. त्याचे नाव वर नाही, खाली नाही. म्हणजे वऱ्हाडात नवरदेव, करवली, घोडा सगळे आहेत. फक्त मुलाच्या बापाला बाहेर उभे केले आहे.

माझे पित्त खवळले. मी उभा राहून भाषण केले. नवे लोक आयते कसे घेतात, जुने ते सोने कसे, आमच्या वेळी अस्सल काय होते. तेवढ्यात त्या तबकडीत एक उंदीर ‘माय वे’ गाऊ लागला. मी म्हणालो, “हे बघ! हे फ्रँक सिनात्राचं. १९६९. याला म्हणतात अस्सल!”

नातीने मोबाइलवर दोनदा बोट फिरवले. “आजोबा, हे आधी फ्रेंच होतं. १९६७. क्लोद फ्राँस्वा नावाच्या माणसाचं. पॉल अँका नावाच्या माणसाने नंतर इंग्रजी शब्द लिहिले. तुमचा सिनात्रापण कव्हरवालाच आहे.”

स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, बसा आता.”

मी बसलो. पण बसलो म्हणजे हरलो असे नव्हे. मराठी माणूस बसून जास्त चांगला भांडतो.

रात्री पावसाच्या आवाजात विचार करताना माझ्या लक्षात आले की माझी तक्रार चुकली नव्हती, पत्ता चुकला होता. जुने गाणे नव्याने गायले यात कसला गुन्हा? तो गुन्हा म्हटला तर आपली अर्धी संगीत रंगभूमी तुरुंगात जाईल. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, १८८२ साली ‘सौभद्र’ आणले. त्यातल्या चाली काही आकाशातून पडल्या नव्हत्या. कीर्तनातल्या होत्या, लावणीच्या होत्या, कर्नाटकातून आलेल्या होत्या. म्हणजे जुन्या लोकप्रिय गाण्यांचे नवे रूपच ते! पण माझ्या वडिलांच्या ट्रंकेत संगीत नाटकांची जुनी पुस्तके होती, ती मला आठवली. त्यात पदाच्या डोक्यावर बारीक टायपात छापलेले असे : ‘चाल –’ आणि पुढे ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे शब्द. लहानपणी मला वाटे, ही कसली कटकट? आज वाटते, काय सभ्य माणसे होती! सगळे घेतले, आणि दारावर पाटी लावून घेतले. आपल्या नाटकाच्या पुस्तकात, आपल्याच खर्चाने, दुसऱ्याचे नाव छापले. त्याने ‘सौभद्र’ काही लहान झाले नाही.

आणि कायद्यालाही ही सभ्यता कळते बरे का! आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार पहिल्या ध्वनिमुद्रणाचे वर्ष सरल्यावर आणखी पाच वर्षांनी, मालकाला आगाऊ कळवून आणि मानधन भरून, कुणालाही तेच गाणे पुन्हा गाऊन ध्वनिमुद्रित करता येते. पण अट अशी की लोकांची फसगत होईल असे वेष्टन नको, आणि वेष्टनावर हे ‘कव्हर व्हर्जन’ आहे असे लिहिलेच पाहिजे. वा! फक्त एक अडचण. कायद्याने पाटी वेष्टनावर लावायला सांगितली आणि तेवढ्यात वेष्टनच नाहीसे झाले. मोबाइलला पुठ्ठा कुठून आणायचा? नावे असलीच तर तीन टिंबे दाबून, आणखी कुठेतरी बोट लावून, तळघरात सापडतात. सिनेमाच्या शेवटी सरसर वर जाणाऱ्या अक्षरांत असतात, पण ती निम्मी सरकायच्या आत टीव्ही आपणहून पुढचा सिनेमा लावतो.

“कोण वाचतंय ती नावं?” असे विचारणारे शहाणे आहेत. त्यांना मी माझ्या आईची गोष्ट सांगतो.

आमचे घर रुळाजवळ. संध्याकाळी आई मला कडेवर घेऊन, पुढे हात धरून, गाड्या दाखवायची आणि अगीनगाडीचे गाणे म्हणायची. गाडी आमची, मामाही आमचा, तेव्हा गाणेही आईनेच केले असणार याबद्दल मला शंकाच नव्हती. मग सात-आठ वर्षांचा असताना मी पिठाच्या गिरणीत डबा घेऊन उभा होतो आणि गिरणीवाल्याच्या रेडिओवर तेच गाणे लागले! मी डबा तिथेच टाकून धावत घरी आलो आणि ओरडलो, “आई, रेडिओने आपलं गाणं चोरलं!”

आई हसली नाही. म्हणाली, “अरे, गाणं गदिमांचं आहे. माडगूळकरांचं. आशाबाईंनी म्हटलंय. मी कुठे म्हटलं माझं म्हणून? तू विचारलंस का कधी?”

“तुला कसं माहीत?”

“गाण्याच्या आधी त्या बाई सांगतात की!”

माझी आई मराठी चौथी शिकलेली. तिला गीतकार माहीत होता, गायिका माहीत होती, कारण आकाशवाणीवरच्या त्या बाई गाण्याआधी दहा सेकंद खर्च करून गीत कुणाचे, संगीत कुणाचे, स्वर कुणाचा ते सांगायच्या. त्या दहा सेकंदांनी माझ्या आईला जेवढे शहाणे केले, तेवढे जगातले सगळे ज्ञान खिशात घालून फिरणाऱ्या मोबाइलने माझ्या नातीला केलेले नाही. आणि नात हुशार आहे! तिने विचारल्यावर फ्रेंच माणूससुद्धा शोधून काढला. पण विचारावे असे वाटायला आधी कुणीतरी चिमटा काढावा लागतो. तो चिमटा पूर्वी आकाशवाणी काढायची. आता आजोबांना काढावा लागतो, आणि आजोबांना बसायला सांगतात.

चौथ्या दिवशी ऊन पडले नाही, पण शाळा उघडल्या. नातीला गाडीत बसवायला स्टेशनवर गेलो. बरोबर शेजारचे निवृत्त ड्रायव्हरसाहेब होते. तेवढ्यात कसाऱ्याकडून एक लांबलचक गाडी घाट चढून आली. पुढचे इंजिन दिमाखात आमच्यासमोरून गेले, आणि शेवटच्या डब्याच्या मागे आणखी इंजिने.

“आजोबा, मागे कशाला इंजिनं?”

उत्तर ड्रायव्हरसाहेबांनी दिले. “बाळ, ते बँकर. थळ घाटात सदतीस फुटांमागे एक फूट चढ आहे. पुढच्याला एकट्याला झेपत नाही. कसाऱ्याला मागे बँकर लागतात, ढकलत वर आणतात, आणि इथे सुटतात. गाडीतल्या लोकांना पत्ताही नसतो. ते वडे घेण्यात गुंतलेले.” मग जरा थांबून म्हणाले, “शिर्डीची वंदे भारत मात्र २०२३ पासून बँकरशिवाय चढते. तिचं तिला पुरतं.”

माझे सगळे भांडण त्यांनी दोन मिनिटांत संपवले. अरे, स्वतःच्या दमावर घाट चढणारे नवे गाणे असेल तर त्याला माझा नमस्कार! आणि नसेल तर लावा की मागे जुने इंजिन, कुणी नको म्हटले? गोरिलाला एल्टन जॉनने ढकलले, सिनात्राला फ्रेंच माणसाने ढकलले, किर्लोस्करांना कुणा अनाम कीर्तनकाराने ढकलले. घाट असाच चढायचा असतो. फक्त वर पोचल्यावर मागे वळून हात तरी करा. गाण्याआधी दहा सेकंद द्या, किंवा नावाखाली एक ओळ द्या. मुलांच्या गाण्यांना तर आधी द्या, कारण मुलांना खरेच वाटते की गाणे गोरिलाचे आहे.

बँकर सुटला. नातीने ड्रायव्हरला हात केला. त्याने शिट्टी वाजवली.

घरी आलो तर गरम आमटीचा वास. दोन वाट्या संपवून मी म्हणालो, “आज आमटी फक्कड झालीये.”

बायको म्हणाली, “आमटी माझी. चाल सासूबाईंची.”