हुकूम आणि रीत

शारदीय नवरात्रात माहूरगडावर मराठवाडा, विदर्भ आणि तेलंगणातून भाविकांची रीघ लागते. दर्शन घेऊन माणसे परततात. त्यांनी आणलेल्या पिशव्या आणि बाटल्या मात्र गडाच्या उतारावर व भोवतीच्या सागवानी रानात राहतात. २०१८ साली राज्याने प्लास्टिकवर बंदी घातली. तो हुकूम मुंबईहून माहूरला पोचण्यास वेळ लागला नसेल. परंतु बंदी अमलात आणण्याची रीत हुकमाबरोबर येत नसते. ती येते माणसाबरोबर.

वेंगुर्ल्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कोकणातील या लहानशा नगरपरिषदेने गेल्या दशकात घरोघरी कचरा वेगळा करण्याची शिस्त लावली. ओल्या कचऱ्यापासून वायू निर्माण केला, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात मिसळला, आणि जी जागा पूर्वी नाक दाबून ओलांडावी ती पाहावयास लोक येऊ लागले. तेथील मुख्याधिकारी पुढे कर्जत व कल्याण-डोंबिवलीत गेले, तेव्हा ही पद्धतही त्यांच्या मागोमाग गेली. अनेक परिपत्रकांनी जे साधत नाही, ते एका बदलीने साधले!

वेंगुर्ल्यात लाखोंची यात्रा भरत नाही, तेथील रीत येथे कशी चालावी, असा आक्षेप निघेल. तो अगदीच गैर नाही. घर एका जागी असते. यात्रेकरू हा घटकाभराचा पाहुणा. म्हणून येथे आरंभ गडाच्या पायथ्याशी, दुकानदाराच्या फळीपासूनच व्हावयास हवा. दुसऱ्याची विद्या आपल्या गरजेप्रमाणे वळवून घेण्यात क्षेत्राला कमीपणा नाही. सूर्याच्या उष्णतेने वाफ करून हजारोंचा स्वयंपाक करण्याची सोय तिरुमलेस २००२ साली झाली. शिर्डीने २००९ साली तीच अधिक मोठ्या प्रमाणावर उभारली.

अभ्यासदौरे आपल्याकडे थोडे निघत नाहीत. पण ते बहुधा पदाधिकाऱ्यांचे असतात. आमची सूचना साधी आहे. येत्या नवरात्रापूर्वी नगरपंचायतीने व देवस्थानाने मिळून एक मुकादम आणि दोन सफाई कामगार आठ दिवस वेंगुर्ल्यास धाडावेत, आणि ते परतल्यावर अधिकाऱ्यांनी त्यांचे म्हणणे बसून ऐकावे.

माहूरचा यात्रेकरू रेणुकामातेचा तांबूल आपल्या गावी नेतो. गडावर एक चांगली रीत रुजली, तर तीही त्याच वाटेने शेकडो गावी जाईल. मात्र ती आधी गडावर दिसली पाहिजे.