आरोपीभोवतीची माणसं

वेल्समधल्या पूर्वजांचा शोध घेणारे गुन्ह्यांच्या नोंदींकडे सहसा शेवटी वळतात. आमच्या मते त्यांनी तिथे लवकर जावं. मॉनमथशायर वगळता उरलेल्या वेल्सचे गंभीर खटले 1830 पर्यंत ‘ग्रेट सेशन्स’ न्यायालयांपुढे चालत. त्यांच्या 1730 नंतरच्या तुरुंग-फायलींची, म्हणजे खटल्यांच्या कागदपत्रांची, सूची ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने सर्वांसाठी खुली केली आहे. चर्चच्या वहीत गरीब माणूस बाप्तिस्मा, लग्न आणि दफन एवढ्यापुरताच येतो. खटल्याच्या कागदांत मात्र त्याचं गाव, काम, मेंढी कुणाच्या कुरणातून चोरीला गेली, ती शेवटची कुणी पाहिली, हेही सापडू शकतं. शिवाय तिथला प्रत्येक जण आरोपी नसतो. फिर्यादी असतो, साक्षीला आलेली मोलकरीण असते. त्यामुळे घराण्याला बट्टा लागेल, हा आक्षेप फारसा टिकत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. जॉन जोन्स, डेव्हिड डेव्हिस ही नावं तिथे पावलोपावली भेटतात. नुसत्या नावावर विसंबलं तर परका मेंढीचोर घरात घेतला जायचा. पॅरिश, व्यवसाय, तारीख जुळायलाच हवी. दुसरं म्हणजे, अनेकांनी वेल्शमध्ये दिलेली साक्ष कागदावर इंग्रजीत उतरली. तेव्हा बोलण्याचा सूर कारकुनाचा समजावा. जागा, वेळ, वस्तू हे तपशील त्यातूनही बरेचसे टिकतात. चोरीच्या मालाची किंमत मात्र जपून वाचावी. शिक्षा सौम्य व्हावी म्हणून ज्युरी ती कधी कधी मुद्दाम कमी धरत, त्यामुळे 10 पेन्स हा बाजारभाव असेलच असं नाही.