डार्विनने खणलेला चर

२० डिसेंबर १८४२ रोजी, इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या डाउन गावी, एका जुन्या कुरणाच्या काही भागावर खडूच्या दगडाचे तुकडे पसरले गेले. तुकडे किती खोल गाडले जातात ते पुढे कधीतरी पाहावे, एवढाच हेतू. हे 'पुढे कधीतरी' उजाडले नोव्हेंबर १८७१च्या अखेरीस. आडवा चर खणला, तर चराच्या दोन्ही भिंतींत पांढऱ्या तुकड्यांची ओळ दिसली, पृष्ठभागापासून सात इंच खाली. तुकडे कोणी पुरले नव्हते. वरची माती गांडुळांनी खालून आणून टाकलेली होती.

हा चर चार्ल्स डार्विनचा. त्याचे नाव निघाले की आपल्याकडे माकड आणि माणूस यांच्यापुढे बोलणे जात नाही. बागेच्या या सदरातून मला आठवण करायची आहे ती भूवैज्ञानिक डार्विनची, संपादक डार्विनची आणि रोज आपल्या रोपांपाशी वाकून उभ्या राहणाऱ्या डार्विनची. माझ्या मते ही तीन माणसे नव्हेतच. दगड पाहण्याची नजर त्याने वाफ्यात आणली आणि तिथेच त्याचे मोठेपण आहे.

'बीगल' जहाजावर तो चढला तेव्हा त्याच्याजवळ चार्ल्स लायेल यांच्या भूविज्ञानावरच्या ग्रंथाचा पहिला खंड होता. लायेल यांचे म्हणणे असे की, डोंगर-दऱ्या घडवायला प्रलय लागत नाहीत. आज डोळ्यांसमोर चालणारी छोटी कामेच पुरेशा काळात तेवढे करून दाखवतात. १८३२च्या जानेवारीत केप व्हर्दे बेटांवर समुद्रकाठच्या कड्यात त्याला शिंपल्यांचा पांढरा पट्टा लाव्हाखाली दबलेला आणि पाण्याच्या बराच वर उचललेला दिसला. १८३५च्या फेब्रुवारीत चिलीत मोठा भूकंप झाला, आणि कालपर्यंत पाण्याखाली असलेले शिंपले वर उचललेल्या खडकांना चिकटलेले आढळले. पुस्तकातले म्हणणे पायाखाली खरे झाले. प्रवाळबेटे, ज्वालामुखी बेटे आणि दक्षिण अमेरिकेचे भूविज्ञान यांवरची त्याची तीन पुस्तके याच प्रवासातून आली. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचा तो तीन वर्षे चिटणीस होता.

संपादक म्हणून त्याला फारसे कोणी ओळखत नाही. प्रवासात गोळा केलेल्या प्राण्यांवरचा ग्रंथ त्याने सरकारच्या हजार पौंडांच्या मदतीने १८३८ ते १८४३ या काळात पाच भागांत काढला. जीवाश्म रिचर्ड ओवेनकडे, पक्षी जॉन गोल्डकडे, मासे लेनर्ड जेनिन्सकडे. काम अर्धवट असताना गोल्ड ऑस्ट्रेलियाला निघून गेला, तेव्हा ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज ग्रेच्या मदतीने पक्ष्यांचा भाग पुरा करावा लागला. नियतकालिक चालवलेल्या कोणालाही हा ताण समजेल. स्वतः डार्विनने त्यात लिहिले काय, तर कोणता प्राणी कुठे राहतो आणि कसा वागतो. दुसऱ्याच्या वर्णनाला त्याने जागेची आणि सवयीची जोड दिली. ग्रंथाचा हाच भाग मला सर्वांत जिवंत वाटतो.

बागेत तर त्याने काय काय केले! दोन फूट बाय तीन फुटांचा तुकडा साफ करून उगवणाऱ्या प्रत्येक तणाच्या रोपाची नोंद ठेवली. ३५७ उगवली, त्यांतली २९५ बहुतेक गोगलगायींनी आणि किड्यांनी संपवली. ८७ जातींचे बी खाऱ्या पाण्यात भिजत ठेवले, आणि २८ दिवसांनीही ६४ जाती रुजल्या. बी समुद्र ओलांडून बेटांवर पोचू शकते का, हा केवढा प्रश्न, आणि त्याचे उत्तर घरच्या भांड्यांत! या प्रयोगांविषयी तो 'गार्डनर्स क्रॉनिकल' या माळ्यांच्या साप्ताहिकात लिही. माळ्यांना प्रश्न विचारी आणि त्यांची उत्तरे विद्वानांच्या उत्तरांइतकीच मोलाची मानी. एडिंबरोच्या वनस्पती उद्यानातल्या जॉन स्कॉट या माळ्याला कलकत्त्याला जायला त्याने पैशांची मदत केली. पुढे याच स्कॉटने त्याला बंगालमधल्या गांडुळांची निरीक्षणे कळवली.

गांडुळांवरचा त्याचा पहिला निबंध १८३७चा, जिऑलॉजिकल सोसायटीपुढे वाचलेला. १८६९ साली फिश नावाच्या एका माळ्याने त्याच 'गार्डनर्स क्रॉनिकल'मध्ये तो धुडकावला. एवढासा दुबळा जीव इतके प्रचंड काम करील कसा? डार्विनने यावर लिहिले ते असे की, सतत चालणाऱ्या छोट्या कारणाची बेरीज माणसाला करता येत नाही, आणि भूविज्ञानाची प्रगतीही पूर्वी याच दोषामुळे अडली होती. मग घरातल्या कुंड्यांत गांडुळे ठेवली, त्यांना ऐकू येते का हे तपासायला पियानो वाजवून पाहिला. वयाच्या ६८व्या वर्षी स्टोनहेंज या प्राचीन दगडी स्मारकापाशी जाऊन आडवे पडलेले दगड किती खचलेत ते मोजले. पुस्तक आले १८८१च्या ऑक्टोबरात. इंग्लंडच्या अनेक भागांत एकरी दहा टनांहून अधिक कोरडी माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्यातला हिशेब. पुढच्या एप्रिलमध्ये तो वारला.

आज आपण गांडूळखताची पिशवी विकत आणतो आणि पंधरा दिवसांत गुलाब फुलला नाही तर दुकानदाराला बोल लावतो. मला याचे वाईट वाटते. बाग असणाऱ्याच्या हाती काळ असतो आणि तोच आपण वापरत नाही.

म्हणून वाचकांना एक काम सुचवतो. हिरवळीचा हातभर तुकडा निवडा, तिथे खुरपणी करायची नाही, कीटकनाशक मारायचे नाही. त्यावर विटेचे बोराएवढे तुकडे पसरा आणि तारीख लिहून ठेवा. काळ्या जमिनीत हे करू नका, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि तुकडे आपोआप खाली जातात. तांबडी किंवा भेगा न पडणारी जमीन बरी. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास एका कोपऱ्यात सुरीने उभी चीर देऊन वरच्या मातीची जाडी पट्टीने मोजा. वही घरातल्या लहान मुलाच्या नावाची करा, म्हणजे मोजणारा हात बदलला तरी मोजणे थांबणार नाही.