उघडावे, वाचावे, मिटावे

कपाट उघडे टाकून जाणे ही आमची जुनी खोड. "दार लोटायला काय हात मोडतात?" हे वाक्य आम्ही चाळीस वर्षे ऐकत आलो आहोत. पण उघडण्या-मिटण्यातही शास्त्र आहे, हे आम्हाला यंदा दिवाळीच्या तोंडावर पायथॉनने शिकवले.

पायथॉन म्हणजे अजगर नव्हे, बरे का! नेदरलँड्सच्या गीडो व्हान रॉसम या गृहस्थांनी १९९१ साली लोकांपुढे ठेवलेली ही संगणकाची भाषा. तिचे नावही सापावरून नव्हे, तर 'मॉन्टी पायथॉन' या विनोदी मंडळीच्या कार्यक्रमावरून पडले. नात कॉलेजात ती शिकते. तिच्या नादाने आम्हीही शिकू लागलो.

आईची फराळाची वही जीर्ण झाली होती. चार दिवस खपून ती आम्ही संगणकात उतरवली. अनारसे तेवढे राहिले होते. 'ओपन' म्हणून फाइल उघडली आणि पुढे 'डब्ल्यू' लिहिले. डब्ल्यू म्हणजे लिहिणे, अशी आमची भाबडी समजूत! पाहतो तो चकल्या, कडबोळी, चिरोटे, सारे गडप!

"आजोबा, 'डब्ल्यू'ने फाइल उघडताक्षणी पाटी कोरी होते," नात म्हणाली. "शेवटी भर घालायची तर 'ए', नुसतं वाचायचं तर 'आर'. आणि असलेल्या फाइलीला धक्का लागू नये असं वाटलं तर 'एक्स'. मग ती आधीपासून असेल तर पायथॉन चूक दाखवून थांबतो. मराठी मजकूर आहे, म्हणून 'एन्कोडिंग'मध्ये 'यूटीएफ-८' लिहायला विसरू नका."

नशीब, वही होती! पुन्हा चार दिवस खपलो. या खेपेस 'ए' लावून अनारसे लिहिले. दुसऱ्या खिडकीत 'रीड' करून पाहिले, तर अनारसे नाहीत! पुन्हा 'रीड' म्हटले, तर काहीच नाही.

नात हसली. "एकदा वाचलं की वाचनाची खूण शेवटाला जाते. 'सीक' शून्य म्हणून तिला पहिल्या पानावर आणावं लागतं. आणि अनारसे यायचे कुठून? तुम्ही 'क्लोज' कुठे केलंत? लिहिलेलं आधी स्मृतीत साठतं. फाइल मिटली की उरलंसुरलं तिकडे रवाना होतं."

तिने मग 'विथ'ची युक्ती दाखवली. २००६ साली ती पायथॉनात आली. 'विथ ओपन' म्हणून फाइल उघडली की काम संपताच ती आपोआप मिटते. मध्येच चूक होऊन काम अडले, तरीही मिटते. विसराळू माणसांसाठीच केलेली सोय!

"तुमच्या कपाटालाही लावा ती," स्वयंपाकघरातून आवाज आला.

वही जागेवर ठेवताना पहिले पान उलटले. तिथे आईच्या अक्षरात एक ओळ होती. कृती नव्हे, म्हणून दोन्ही वेळा आम्ही ती उतरवलीच नव्हती: 'वाचून झाल्यावर वही मिटून जागेवर ठेवावी.'

तीही ओळ आम्ही फाइलीत घातली. 'ए' लावून, अन् 'विथ' म्हणून!