मध्यमवर्गी कोणास म्हणावें ?

नांदेडच्या वजिराबादेंतील दुकानदारास किंवा लातूरच्या गंजगोलाईंतील मुनिमास 'आपण कोणत्या वर्गांतले ?' असें विचारल्यास दोघेही 'आम्ही मध्यम स्थितीचे' असेंच सांगतील. ज्या शब्दांत सर्वच मावतात त्याला अर्थ उरत नाहीं. आणि अशा शब्दावर कर व सवलती यांची उभारणी झाली, म्हणजे नुकसान प्रामाणिक गृहस्थाचें होतें.

दरमहा 50,000 रुपये, म्हणजे वर्षास 6 लाख मिळविणारा एक गृहस्थ घ्या. महाराष्ट्रांत 1999 सालीं तिरंगी शिधापत्रिकांची योजना आली, तेव्हां वार्षिक एक लाख व त्यावरील उत्पन्नाच्या कुटुंबास शुभ्र पत्रिका ठरली; त्या हिशेबानें हा गृहस्थ सधन. 2019 सालच्या 103 व्या घटनादुरुस्तीनंतर आर्थिक दुर्बलांची मर्यादा 8 लाख झाली. अन्य आरक्षणांत न मोडणारा व जमीनजुमल्याच्या अटींत बसणारा असल्यास हाच गृहस्थ दुर्बल. 2025 च्या अर्थसंकल्पानें नव्या करपद्धतींत 12 लाखांपर्यंतच्या साधारण उत्पन्नावरील आयकर माफ केला. तेथें तो हिशेबांतच नाहीं. एकाच मनुष्यानें सकाळीं श्रीमंत, दुपारीं दीन व सायंकाळीं अदृश्य व्हावें, असा हा चमत्कार आहे ! उलट, ती 1999 ची रेषा आज लाविली, तर दरमहा 9,000 रुपयांवर संसार ओढणारा हमालही सधनांत जाऊन बसतो. हा चमत्कार नव्हे, हा अन्याय होय.

शिवाय तो गृहस्थ कोणत्या गांवीं राहतो, हें यांपैकीं एकही माप विचारीत नाहीं. तें विचारणारें माप नोकरांच्या घरभाडे-भत्त्याचें. पण तें भाडें मोजीत नाहीं, डोकीं मोजतें. केंद्र सरकारच्या नियमांत पांच लाखांवर वस्तीचें शहर 'वाय' वर्गांत, त्याखालील 'झेड' वर्गांत पडतें. 2011 च्या खानेसुमारींत नांदेडची वस्ती साडेपांच लाखांच्या घरांत, तर लातूरची चार लाखांच्या आंत भरली. म्हणून सातव्या वेतन आयोगाच्या 2024 पासूनच्या दरांनीं, 40,000 मूळ वेतनावर नांदेडांत 20 टक्के म्हणजे 8,000 आणि लातुरांत 10 टक्के म्हणजे 4,000 रुपये भत्ता ठरला. परंतु 'लातूर पॅटर्न'ची कीर्ति ऐकून दूरदूरचे विद्यार्थी जेथें खोल्या शोधीत येतात, तेथील भाडें कायम वस्तीच्या आंकड्यावरून कसें ठरावें ?

भाड्याखेरीज दुसरेही खर्च आहेत. 2016 च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें, हें कोण विसरेल ? नळ कोरडा पडला कीं टँकर, शाळा अपुरी पडली कीं शिकवणीवर्ग, सरकारी रुग्णालयांत जागा नसली कीं खासगी दवाखाना ! जें सार्वजनिक तिजोरींतून मिळावें तें पदोपदीं खिशांतून विकत घेणारा गृहस्थ आंकड्यांत वर चढतो आणि घरांत खालीं उतरतो.

आमचें मत असें कीं, मध्यम स्थिति आवकेवरून नव्हे, शिलकेवरून ओळखावी. भाडें, अन्न, पाणी, औषध व मुलांची फी भागवून, सहा महिन्यांच्या आजारपणास पुरेल इतकी गंगाजळी जो कर्जावांचून राखूं शकतो, तो मध्यमवर्गी. ज्याच्या घरचें सोनें एका मुलाच्या शिक्षणापायीं गहाण पडतें तो नव्हे; मग त्याच्या दारीं मोटार कां उभी असेना.

याकरितां दोन्ही शहरांच्या महानगरपालिकांनीं चौघांच्या कुटुंबाचा खर्च दरवर्षीं मोजून प्रसिद्ध करावा, आणि सरकारनें सवलतींच्या मर्यादा व भत्ते त्या खर्चाशीं जोडावे. आमच्या व्यापारी वाचकांनींही आपल्या मुनिमाचा व नोकराचा पगार याच रीतीनें एकदां मांडून पाहावा. नुसती जमेची बाजू पाहून कोणीही व्यापारी नफा ठरवीत नाहीं; तो खर्च वजा घालतो. दुकानास जो नियम, तोच संसारास लावावयास हरकत कोणती ?